अंडर डेव्हिएशन

पिंपरी-चिंचवडला माणूस आडनावाने ओळखला जात नाही, डिपार्टमेंटने ओळखला जातो. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पेंटशॉप राहतात, त्यांच्या समोर टूलरूम, खाली डिस्पॅच आणि गच्चीत पाण्याच्या टाकीपाशी कायम मेंटेनन्स. पेंटशॉपना रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळून बघत नाहीत. याच न्यायाने माझ्या शेजारच्या दाराआड राहतात ते क्वालिटी. आदराने क्वालिटीसाहेब. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमन सोडून कुणी वाचत नाही.

साहेब आधी भोसरीत होते, आता चाकणला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माल नापास करणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते नाही म्हणण्याचा पगार घेत आहेत. माणूस एकदा क्वालिटीत गेला की जगातल्या सगळ्या वस्तू त्याच्याकडे तपासणीसाठी आलेल्या असतात. साहेबांसमोर लग्नपत्रिका ठेवली की ते वधूवरांच्या नावाआधी छपाईच्या चुका वाचतात. भाजीवाल्याकडे ते भेंडीचं टोक मोडत नाहीत, लॉटमधल्या पाच भेंड्या बाजूला काढतात, त्यांतल्या दोन जून निघाल्या तर सगळा ढीग रिजेक्ट. भाजीवाला त्यांना बघून टोपलीवर पोतं टाकतो. वहिनी तर सांगतात, ‘मला बघायला आले तेव्हा पोह्यांत खडा निघाला. बाकीचे गप्प बसले. ह्यांनी तो रुमालात बांधून नेला. पुरावा म्हणून.’

पण या कडक माणसाची एक गंमत होती. कारखान्यात एक शब्द आहे, डेव्हिएशन. माल ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण गाडी भरून उभी असते, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत असतात. अशा वेळी वरचा साहेब कागदावर कारण लिहून सही करतो आणि माल ‘अंडर डेव्हिएशन’ पास होतो. म्हणजे चूक आहे, पण एवढ्या वेळेपुरती चालेल. कारखान्यात अशी सही साहेबांनी फार तर दोन-तीनदा केली असेल, आणि तीही रात्रभर झोप न लागता. स्वतःच्या ताटाच्या बाबतीत मात्र ते दर आठवड्याला सही करत होते आणि गाढ झोपत होते.

पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. बाकी महाराष्ट्र रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो. आमच्याकडे सुट्टीचा दिवस नेमका दत्ताचा, आणि वहिनी गुरुवार पाळतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घरात वरणभात आणि साहेबांच्या चेहऱ्यावर सुतक. याची भरपाई उरलेल्या सहा दिवसांत, घराबाहेर. पाया सूप, कलेजी फ्राय, सुक्या बोंबलाची चटणी, वर थंडगार बिअर. प्रत्येकाला कारण जोडलेलं. पाया गुडघ्यांसाठी, कलेजी लोहासाठी, बोंबील कॅल्शियमसाठी. बिअरचं कारण मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ती बार्ली असते हो. धान्य.’

मग आला आखाड. श्रावण लागायच्या आत सगळा औद्योगिक पट्टा वर्षभराचं मांस खाऊन घेतो, तसा साहेबांच्या डिपार्टमेंटने चाकणच्या पुढे एका शेतावर बेत ठेवला. बोकड एक, माणसं चौदा, पाऊस बेताचा. वजडी झाली, मुंडी झाली, रस्सा झाला. पाणी कुणी प्यायलं नाही, कारण पाण्याची जागा दुसऱ्या कशानेतरी घेतली होती. साहेब अकरा वाजता घरी आले आणि ‘पचलं’ असं जाहीर करून झोपले.

रात्री अडीच वाजता भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू आलं. मला वाटलं, चोर. दार उघडलं तर साहेब पलंगावर बसलेले, उजवा पाय उशीवर, आणि त्या पायाचा अंगठा मुळाशी टोमॅटोसारखा लाल, सुजून चकचकीत झालेला. वहिनी चादर घालायला गेल्या तर म्हणाले, ‘चादर नको, वजन होतं.’ पंखा लावला तर म्हणाले, ‘वारा टोचतो.’ कसं दुखतंय विचारलं तर त्याही अवस्थेत नेमकं उत्तर दिलं, ‘अंगठ्यात कुणीतरी टॅपिंग करतंय. आणि ऑइल न सोडता.’ टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडणं.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या या दुखण्याला गाऊट म्हणतात. जेम्स गिलरे नावाच्या इंग्रज व्यंगचित्रकाराने १७९९ साली त्याचं चित्र काढलं होतं. सुजलेलं पाऊल, आणि त्यात दात आणि नख्या रुतवून बसलेलं एक काळं पिशाच्च. मी ते नंतर साहेबांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, दात पाहिले, जागा पाहिली आणि म्हणाले, ‘पोझिशन बरोबर आहे.’ साहेबांनी पहिल्या फटक्यात पास केलेली ही मला माहीत असलेली एकमेव गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले नाहीत. ते कारखान्यात गेले. सेफ्टी शूज पायात जाईनात म्हणून एका पायात बूट आणि दुसऱ्यात बाथरूमची स्लीपर. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. सेफ्टी शूजशिवाय आत कुणालाही सोडायचं नाही, अगदी मला सुद्धा नाही, असं त्या पोराला साहेबांनीच शिकवलं होतं. पोरगा आज्ञाधारक निघाला. साहेब कंपनीच्या बसने गेले होते ते रिक्षाने परत आले. वाटेत त्यांनी त्या पोराचं नाव बक्षिसासाठी लिहून घेतलं आणि आईवरून एक शिवीही दिली.

घरी बसल्या बसल्या त्यांनी रूट कॉज शोधायला घेतलं. भिंतीवर ड्रॉइंगशीट लावून फिशबोन काढला. ही जपानच्या काओरू इशिकावांची युक्ती. मधे माशाचा कणा, डोक्याच्या जागी दोष, आणि काट्यांवर कारणं. माशाच्या डोक्यात साहेबांनी लिहिलं, ‘अंगठा.’ काट्यांवर माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. वहिनी आत आल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे मासे बंद झाले आणि घरात काटे टांगले.’

मटेरियलच्या काट्याला शेजाऱ्यांनी हातभार लावला. युरिक अ‍ॅसिड हे आमच्या पट्ट्यातलं लोकदैवत आहे. प्रत्येकाच्या मेव्हण्याला ते असतं आणि प्रत्येकाच्या मेव्हण्याने काहीतरी सोडलेलं असतं. पेंटशॉप म्हणाले, टोमॅटो बंद. टूलरूम म्हणाले, सगळ्या डाळी बंद, कडधान्यांकडे बघायचंसुद्धा नाही. डिस्पॅचनी पालक, फ्लॉवर आणि मशरूम एका वाक्यात उडवले. शिवाय आंबट बंद, कारण ‘नावातच अ‍ॅसिड आहे, साहेब.’ लिंबू गेलं, चिंच गेली, दही गेलं, ताक गेलं. मेंटेनन्स गच्चीतल्या कुंडीतली गुळवेल घेऊन आले आणि जाता जाता सांगून गेले की चरकसंहितेत ज्याला वातरक्त म्हणतात, त्याचंच एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. हे ऐकल्यावर साहेबांना आपल्या दुखण्याबद्दल प्रथमच आदर वाटला. फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं चालायचे आहेत, पण रोग तरी घराण्याला शोभेसा निघाला.

स्वयंपाकघरात लाल क्रेट आला. कारखान्यात नापास माल लाल क्रेटमध्ये टाकतात, चांगल्या मालात मिसळू नये म्हणून. त्यात तूरडाळ, मूग, मटकी, हरभरे, चिंचेची बरणी, टोमॅटो, आणि वहिनींनी उन्हाळ्यात घातलेलं लिंबाचं लोणचं. वर ‘होल्ड’ची पिवळी चिठ्ठी, तारीख आणि सही. पास झालं ते एवढंच: दुधी, दोडका, पडवळ आणि भात. तीन आठवडे त्या घरातून फोडणीचा वास आला नाही. चौथ्या आठवड्यात वहिनी माझ्या बायकोकडे आल्या, आमटीची वाटी तोंडाला लावून उभ्यानेच प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘अंगठा त्यांचा सुजलाय. जीभ माझी का वाळवताहेत?’

आणि साहेब? साहेब घरात दुधी खाऊन कारखान्यात जात आणि येताना बसमधून एक स्टॉप आधी उतरत. पाया सूप हे सूप असल्यामुळे पातळात जमा होतं. बिअर आठवड्यातून एकदाच, पण तो आठवडा मोजताना ते गुरुवार धरत नसत. दुपारी कँटीनच्या बाहेर गोड कोल्ड्रिंकची बाटली, कारण तीत डाळ नसते. लाल क्रेट बायकोच्या मालाला होता, स्वतःच्या मालाला डेव्हिएशन.

दुसरा झटका आला तो उपासाने. वजन उतरवलं की युरिक अ‍ॅसिड उतरतं हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. पण साहेबांना प्रत्येक सुधारणा महिनाअखेरपर्यंत दाखवायची सवय. त्यांनी तीन दिवस नुसत्या गरम पाण्यावर काढायचे ठरवले आणि कामाच्या नादात पाणीही विसरले. असा कडक उपास केला की शरीर स्वतःची चरबी जाळायला घेतं, त्यातून तयार होणारी द्रव्यं मूत्रपिंडातल्या युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात आणि आकडा उतरायच्या ऐवजी चढतो. तिसऱ्या रात्री पुन्हा अडीच वाजता टॅपिंग सुरू. या वेळी साहेबांनी सकाळी थेट लॅब गाठली. रिपोर्ट आला ६.४, छापील मर्यादेच्या आत. साहेबांचा चेहरा उजळला. अंगठा टोमॅटोएवढा, पण रिपोर्ट हातात धरून ते लंगडत घरभर फिरले: ‘पीस ओके आहे! पीस ओके आहे!’ वहिनींनी रिक्षा बोलावली आणि त्यांना डॉक्टरकडे नेऊन घातलं.

डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी. तिने अंगठा पाहिला, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाली, ‘काका, झटका चालू असताना हा आकडा खोटा उतरतो. दुखणं थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू.’

साहेब म्हणाले, ‘म्हणजे गेज कॅलिब्रेट नव्हता.’

‘तसंच समजा.’

दुखण्यावर तिने कमी मात्रेत कोल्चिसिन दिलं. हे औषध आपल्याकडे पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, आणि झाड इतकं विषारी की घरच्या घरी त्याचा प्रयोग करणारा गाऊटऐवजी जगातूनच सुटायचा. औषध गोळीतूनच घ्यायचं, तेही मोजून. पण मला गंमत वाटली ती नावाची. जी कळलावी म्हणून बदनाम, तीच कळ थांबवते.

महिन्याने खरा आकडा आला, ९.१. साहेब गप्प झाले. मग विचारलं, ‘मॅडम, मी सगळं सोडलंय. डाळ नाही, पालक नाही, आंबट नाही. मटेरियल मी शंभर टक्के थांबवलंय. मग रिजेक्शन येतंय कुठून?’

इथे त्या मुलीने जे केलं त्यासाठी तिचा चाकणमध्ये सत्कार व्हायला हवा. तिने त्यांच्याच भाषेत सांगितलं. ‘काका, युरिक अ‍ॅसिडचा कारखाना तुमच्या आत आहे. पेशी जुन्या होतात, मोडतात, त्यांतल्या प्युरीन नावाच्या द्रव्याचं युरिक अ‍ॅसिड होतं. सुमारे दोन तृतीयांश माल असा घरचाच. बाहेरून ताटातून येतो तो फार तर एक तृतीयांश. आणि बहुतेकांचं दुखणं उत्पादनात नसतंच, डिस्पॅचमध्ये असतं. मूत्रपिंडं हवा तेवढा माल बाहेर पाठवत नाहीत. रक्तात ६.८ च्या वर साठा गेला की तो विरघळून राहत नाही, सुईसारखे खडे होऊन खाली बसतो. जिथे गारवा तिथे आधी. म्हणून पायाचा अंगठा.’

साहेबांनी हळूच विचारलं, ‘म्हणजे पथ्याचा उपयोग नाही?’

‘आहे, पण पथ्याने आकडा साधारण एकने उतरतो. तुमचा नवाचा आठ होईल. आपल्याला हवाय सहाच्या खाली. त्यासाठी रोज गोळी, आणि ती बहुधा कायमची. बरं, गेल्या महिन्यात काय काय खाल्लंत?’

‘दुधी,’ साहेब म्हणाले.

वहिनींनी पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. चुकलेल्या लिटरांच्या मागच्या पानावर साहेबांच्या शर्टांच्या खिशातली सगळी बिलं तारीखवार उतरवलेली होती. चार तारीख, पाया सूप, दोन वाट्या. सहा तारीख, बिअर. नऊ तारीख, कलेजी. अकरा तारीख, बिअर आणि मांदेली फ्राय. कोल्ड्रिंक, रोज, गुरुवार सोडून. एकतीस वर्षं लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाचं त्या दिवशी त्याच्याच पद्धतीने ऑडिट झालं. एकही नोंद खोडता येईना.

डॉक्टरने वही वाचली आणि निकाल दिला. कलेजी, वजडी, पाया, तारली, बांगडा, मांदेली हे नको किंवा सणावारी चिमूटभर. बिअर नको. गोड कोल्ड्रिंक नको, कारण त्यातलं फ्रुक्टोज अंगात गेलं की त्यानेही युरिक अ‍ॅसिड वाढतं. वजन कमी करा, पण हळूहळू. पाणी प्या. आणि लाल क्रेट सोडवा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ४७,१५० पुरुषांच्या जेवणावर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. वाटाणे, मसूर, पालक, फ्लॉवर, मशरूम यांनी वाढला नाही. आणि कमी सायीचं दूधदही घेणाऱ्यांना उलट कमी झाला.

‘आणि आंबट?’ वहिनींनी विचारलं. आवाज कापत होता.

‘लिंबू पिळा, ताक प्या. जिभेवरच्या आंबटाचा आणि या अ‍ॅसिडचा नात्याने काही संबंध नाही. फक्त आडनाव एक आहे.’

गोळीला साहेब बिचकले. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिनने गाव देशाला माहीत झालं, तिथे तीस वर्षं राहून गोळी म्हणजे पराभव असं मानणारी माणसं मला रोज भेटतात. पण अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध गर्ट्रूड एलियन या संशोधक बाईंनी जॉर्ज हिचिंग्ज यांच्या बरोबरीने घडवलं, आणि १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं, हे मी सांगितलं तेव्हा वहिनींनी प्रश्नच संपवला. ‘बाईने केलेली गोळी आहे. घ्या मुकाट्याने.’ दुसऱ्या महिन्यात पुन्हा अंगठा थोडा कुरकुरला. साहेब गोळी फेकायला निघाले. डॉक्टरने हे आधीच सांगून ठेवलं होतं की साठलेले खडे विरघळताना सुरुवातीला असं होतं, गोळी सोडायची नाही. ‘जुना स्टॉक निघतोय,’ असं साहेब स्वतःला समजावत दिवसभर फिरले.

पण या कथेतला खरा दिवस तो नव्हे. खरा दिवस, वहिनींनी क्रेट उलटा केला तो. डाळी डब्यांत गेल्या, लोणचं परत कपाटात गेलं, आणि पळी साहेबांच्या हातात आली. ‘तीन महिने तुम्ही माझ्या स्वयंपाकाची तपासणी केलीत. आता स्वयंपाक करा. तपासणी मी करते.’

क्वालिटीच्या माणसाला प्रॉडक्शनमध्ये टाकणं यासारखी दुसरी शिक्षा नाही. पहिल्या आठवड्यात साहेबांनी जे केलं त्याला वरण म्हणायचं की गिलावा, यावर घरात एकमत झालं नाही. पण माणूस चिकट. त्यांनी ओट्यावर फाइव्ह एस आणला: प्रत्येक डब्याला जागा, जागेला चिठ्ठी. मसाल्याच्या डब्यावर ‘हळद’, आणि हळदीच्या वाटीखालीही ‘हळद’. पाण्याच्या बाटलीवर रंगीत पट्ट्या मारल्या: अकरापर्यंत हिरवी रेघ, तीनपर्यंत पिवळी. आयुष्यभर लाइनवर काढलेल्या माणसाला पाणी पिण्याची सवयच नसते. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, म्हणून बाथरूमला जावं लागू नये, म्हणून पाणीच प्यायचं नाही. साहेब लाइनवरून साहेब झाले, पण तहान तिथेच राहिली होती.

आणि मग त्यांनी मासवडीला हात घातला.

वहिनींचं माहेर जुन्नरकडचं. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात मासवडी म्हणजे पाहुण्याचा मान. चाकण खेड तालुक्यातच येतं, पण कारखान्यांच्या शेडमागे हे लोकांच्या लक्षात राहत नाही. नावात मास, आकारात मासा, आणि आत मांसाचा कण नाही. म्हणजे गाऊटवाल्यासाठी घडवल्यासारखा पदार्थ, फक्त घडवणाऱ्याला गाऊट ठाऊक नव्हता. लसूण, जिरं, तिखट घालून फोडणीचं पाणी उकळायचं, त्यात एका हाताने बेसन सोडायचं आणि दुसऱ्या हाताने हाटायचं. हात थांबला की गुठळी. घट्ट होऊन वाफ आली की ओल्या फडक्यावर गोळा घ्यायचा, ओल्या हाताने पातळ थापायचा. वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, खरपूस कांदा आणि कोथिंबिरीचं सारण. मग फडक्यानेच गुंडाळायचं आणि दोन्ही हातांनी दाबून पाठीला माशासारखी धार आणायची.

पहिली मासवडी उलगडताना पोटातून फुटली. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘रिजेक्शन शंभर टक्के.’ दुसऱ्या वेळी वड्या पडल्या, पण एक सहा मिलिमीटर, एक नऊ. साहेबांनी टूलरूमकडून पत्र्याचा साचा करून आणला. वहिनींनी तो खिडकीतल्या मोगऱ्याला आधार म्हणून लावला. ‘हाताला फिक्स्चर लागत नाही. हाताला हात लागतो,’ म्हणत त्यांनी त्यांचे हात आपल्या हाताखाली धरले आणि एकदा दाबून दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात असा प्रसंग आधी आला असेल तर मला माहीत नाही. मी वाटी मागायला गेलो होतो, न मागता परत आलो.

चौथ्या खेपेला वडी जमली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तवंग, बाजरीची भाकरी, लिंबाची फोड, ताकाचा पेला. साहेबांनी पहिली वडी बशीत घालून वहिनींपुढे ठेवली आणि बाजूला हात मागे बांधून उभे राहिले, फर्स्ट पीस अप्रूव्हलला ऑपरेटर उभा राहतो तसे. वहिनींनी घास घेतला. बराच वेळ चावला. साहेबांच्या कपाळावर घाम. मग त्या म्हणाल्या, ‘मीठ किंचित कमी आहे. पण चालेल.’

‘म्हणजे अंडर डेव्हिएशन?’

‘एवढ्या वेळेपुरतं.’

आता साहेब सुधारले आहेत, असं मात्र कुणी समजू नये. क्वालिटीचा माणूस बरा होत नाही, त्याचा विषय बदलतो. हल्ली ते लिफ्टमध्ये दुसऱ्यांच्या पायांकडे बघतात. पेंटशॉप जरा लंगडले की विचारतात, ‘बिअर की कलेजी?’ लग्नाच्या पंगतीत मटणाच्या बादलीमागे फिरून लोकांना प्युरीन समजावतात. यंदाच्या आखाडात त्यांच्या डिपार्टमेंटने त्यांना शेतावर बोलावलं ते भीत भीतच. ते स्वतःचा डबा घेऊन गेले, दोन तुकडे मटण मोजून घेतले, बाटलीच्या पिवळ्या रेघेपर्यंत पाणी प्यायले आणि रात्री अडीच वाजता घोरत होते. भिंतीपलीकडून ऐकू येतं, म्हणून सांगतो.

गेल्या तपासणीत आकडा ५.८ आला. साहेबांनी लगेच विचारलं, ‘आता गोळी बंद?’ डॉक्टर म्हणाली, ‘गोळीमुळे ५.८ आहे, काका.’ रिपोर्ट फ्रिजवर लावला आहे, फिशबोनच्या जागी. क्रेट अजून घरातच आहे, त्यात आता कांदे असतात, चाकणच्या बाजारातले, आणि साहेबांनी स्वतः निवडलेले.

माझं मत विचाराल तर गाऊटचं पथ्य बायकोच्या डाळीपासून सुरू करणाऱ्या माणसाचे खिसे आधी तपासावेत. आणि प्रत्यक्ष पाहायचं असेल तर गुरुवारी या. सुट्टी असते, मासवडी असते, आणि तिला गुरुवारही आडवा येत नाही. येताना बाटली आणू नका. लिंबं आणा, पण सारख्या आकाराची.